घडी म्हणा

दर्पण कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकांसमोर 'फोल्डिंग' म्हणायची सोय नव्हती. "घडी म्हणा, घडी! ग्वाल्हेरात राहून मराठी विसरलात काय?" असं ते मलाही सुनवायचे.

जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद एकावर एक चिकटवून ते टेबलावर उभी राहणारी फोटोंची घडी करायचे. मैद्याची खळ, मागून काळी कापडी पट्टी, आणि दोन पानांमध्ये काडेपेटीच्या काडीएवढी फट. "फट नसली तर मिटत नाही, बरं का."

गेल्या महिन्यात त्यांनी गेलेल्या काकूंचे चार फोटो लावून एक केली, फीत बांधली आणि बंगळुरूला मुलाकडे पाठवली. फोनवर त्याला एवढंच सांगितलं, "टेबलावर ठेवायला घडी पाठवतोय."

त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. स्पीकर चालू होता.

"बाबा, पार्सलमध्ये घडी निघालीच नाही. नुसता गत्ता होता, फीत बांधलेला. वो तो मैंने फेंक दिया. दुकानवाल्याने फसवलं तुम्हाला."

त्याच्या हिंदी कानाला घडी म्हणजे घड्याळ! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. काका आता झाडतील म्हणून मी वाट पाहिली.

"हो रे, फसवलंच," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पत्रिका कापत बसले होते.

"आणखी एक घडी?" मी विचारलं.

मान वर न करता ते म्हणाले, "फोल्डिंग म्हणा."