शफीक चपराशी आणि चौदा सुया

सन सदतीसच्या आसपासची गोष्ट. मंगरूळपीरच्या कचेरीत शफीक नावाचा चपराशी होता. माणूस महाचिवट. कुण्या खेड्यात कुणाला पिसाळलेलं कुत्रं चावल्याचं कानावर आलं, की हा रजा काढून त्याच्या दारात जाऊन बसायचा आणि त्याला मोटारीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचा. तिथे रोज एक, अशा पोटात चौदा सुया. लोकांचा भरवसा मंतरलेल्या गुळावर, दोऱ्यावर. ते याला शिव्या द्यायचे. हा शिव्या खायचा, पण माणूस सोडायचा नाही.

त्याला कारण युनूस, त्याचा धाकटा भाऊ. त्यालाही कुत्रं चावलं होतं आणि घरच्यांनी दोऱ्यावर भागवलं. दोन महिन्यांनी पाण्याचा पेला पाहून युनूस किंचाळायला लागला. तहानेनं तडफडत होता आणि पाणी जवळ येऊ देत नव्हता. तिसऱ्या दिवशी गेला.

शफीकची मुलगी अन्वरी अठरा वर्षांची, निकाह महिन्यावर आलेला. गल्लीतल्या भुऱ्या कुत्रीचं पिल्लू तिनं उचललं आणि कुत्रीनं तिच्या पोटरीला दात लावला. पिल्लांवरची कुत्री, चावणारच की! पण शफीकनं पोरीला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, कुत्री बांधून ठेव, दहा दिवस पाहा, जगली तर सुईची गरजच नाही. शफीकला कुठला धीर! त्याच्या डोळ्यांपुढे तो पेला. डॉक्टरच्या पायांवर डोकं ठेवून तो हटून बसला, तेव्हा डॉक्टरनं सुई भरली.

नवव्या सुईनंतर अन्वरीला ताप चढला, पाठीतून कळा निघाल्या. सकाळी पायांची बोटं कळेनात, संध्याकाळपर्यंत कमरेखालचं अंग गेलं.

डॉक्टरनं काही लपवलं नाही. औषध मेंढीच्या मेंदूपासून बनतं, म्हणाला. हजारोंत एखाद्याचं शरीर त्याच्याशी भांडायला उठतं आणि भांडता भांडता आपल्याच मज्जारज्जूला आग लावतं. का, ते अजून कुणाला उमगलेलं नाही. अशा रोग्यांच्या हकीकती तो लिहून ठेवत होता. अन्वरीचे पाय टाचणीनं टोचून पाहून त्यानं बरंच लिहिलं. लिहून हिचे पाय येतील का, असं शफीकनं विचारलं.

"हिचं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "पुढच्या कुणाचे तरी वाचतील."

निकाह मोडला. भुरी कुत्री मात्र ठणठणीत. रोज येऊन अन्वरीच्या खाटेसमोर बसायची. शफीक तिला हाकलायचा, अन्वरी भाकर टाकायची. दहा दिवसांचं बोलणं शफीकनं कुणालाच सांगितलं नाही. आतल्या आत कुढत राहिला बिचारा. लोकही सुईला जायचं थांबले.

आठ महिन्यांनी इंझोरीची गोमतीबाई आली, हाताला चिंधी बांधून. कोल्ह्यानं चावा घेतला होता आणि तो कोल्हा दुसऱ्याच दिवशी फेस गाळत मेला होता. इथे वाट पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाईची नजर खाटेवर गेली.

"शफीकभाऊ, खरं सांग. तुह्या पोरीचे पाय सुईनंच गेले ना?"

हो म्हटलं, की ही परत गावी जाणार आणि युनूससारखी मरणार. "तापानं," तो म्हणाला.

गोमतीबाईला ते पटलं नाही. ती खाटेजवळ गेली. "तू सांग, माय."

अन्वरीनं बापाकडे पाहिलं.

"तापानंच, मावशी. जा तुमी. चौदाही घ्या."

बाई मोटारीकडे निघाली. शफीकनं पिशवी उचलली, तेव्हा अन्वरी हळूच म्हणाली, "तुमच्यासाठी मी खोटं बोलली, अब्बा. आता तुमी मले खरं सांगा. डाक्टर दहा दिस थांब म्हने, ते मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं होतं. काहून नाही थांबले?"

शफीकला युनूसचं नाव घ्यायचीही लाज वाटली. "भेलो होतो, बेटी."

"मीबी भेली होती," ती म्हणाली. "तुमी संग होते म्हनून सुया घेतल्या."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजत होता. शेवटी शफीक मोटारीत गोमतीबाईजवळ जाऊन बसला आणि चौदा दिवस तिच्यासोबत राहिला. रोज सुई झाली, की तो तिला पायाची बोटं हलवून दाखवायला सांगायचा.