विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या

येरमाळ्याहून भूमला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती मुलगी रोज माझ्या शेजारी खिडकीशी बसायची. भूमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. मांडीवरच्या पिशवीत विहिरींचं पाणी भरलेल्या बाटल्या, प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिकटपट्टी. एखादी बाटली उन्हाला धरून ती इतका वेळ बघत राही, की आत एखादं शहर असावं असं मला वाटे.

एकदा तिनं वहीचं शेवटचं पान दाखवलं. त्यावर तिच्या शिक्षणाची आखणी होती: दोन वर्षं भूमला, तिसरं थेट विद्यापीठात. विहिरींचं पाणी तपासायचा हा कॉलेजातला प्रकल्प पुरा झाला, की तिकडं जायला लागणारे क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या विषयांचे जमा होणारे गुण, भरत होते.

"पण इथलं शिकलेलं तिकडं धरतील का?" मी विचारलं.

"काका, पाणी तपासताना ते कुठल्या गावचं हे बघत न्हाईत. त्यात काय विरघळलंय तेवढंच बघतात." मग हळूच म्हणाली, "मला बी तसंच बघतील, व्हय ना?"

दुसऱ्या दिवशी माझ्या विहिरीचं पाणी तिला नेऊन दिलं. बाटलीवर गावाचं नाव मुद्दामच लिहिलं नव्हतं.

तिनं पेन काढला, गाव विचारलं आणि सावकाश लिहिलं.

"त्यांनी न्हाय विचारलं तरी," ती म्हणाली, "आपल्याला म्हाईत पायजे."