कद्दिशला एक माणूस कमी

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. १९८५ च्या जानेवारीत, एका बुधवारी संध्याकाळी, न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये. आधीच सांगून टाकते, म्हणजे 'गैरसमज झाला असेल' असं कुणी म्हणायला नको.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्या पहाटे अलिबागहून फोन आला, आजी गेली. आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत. बाबांनी तिकिटाची चौकशी करेपर्यंत दफन उरकलं होतं. मुलगा म्हणून त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली, आईसाठी कद्दिश म्हणणं. ही प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही, दहा ज्यू पुरुष लागतात. मी मुलगी, मला मोजत नाहीत. त्याचं पत्रक वेगळं काढीन.

संध्याकाळी मी बाबांबरोबर सिनेगॉगमध्ये गेले. आत नऊ जण होते. बाबा दहावे. प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "तुम्ही धर्म कधी घेतलात?"

"आमच्या घरी कुणी घेतला नाही," बाबा म्हणाले. "होताच."

मग त्यांनी शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा म्हणून तेलाचा घाणा बंद ठेवणारे पणजोबा सांगितले, शुक्रवारी आजी लावायची तो दिवा सांगितला. आई गेली त्या दिवशी माणूस स्वतःची साक्ष देत उभा होता. म्हातारे मान हलवत राहिले. धर्मगुरू, म्हणजे रब्बाय, बाहेरगावी आहेत, मला ठरवता येत नाही, म्हणाले, आणि दहावा माणूस शोधायला फोनकडे गेले. दहावा ओव्हरकोट घालून समोरच उभा होता.

कुणी आलं नाही. एकाची गाडी बर्फात सुरू होईना, एकाचे पेशंट संपेनात. शेवटी दिवे बंद केले. निघताना प्रत्येकानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सॉरी म्हटलं. बाबांनी प्रत्येकाला थँक यू म्हटलं.

घरी आईनं दारातच विचारलं, झालं का.

"माणसं कमी होती," बाबा म्हणाले.

त्या नऊ जणांपेक्षा मला या वाक्याचा राग आला.

शेजारचे साताऱ्याचे डॉक्टरकाका पिठलं-भात घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "दहाच ना? महाराष्ट्र मंडळातून पन्नास आणतो."

बाबा दिवसभरात पहिल्यांदा हसले. "भाऊ, ज्यू लागतात."

"मग तुम्हाला का नाही मोजलं?"

पिठलं गार होत राहिलं.

मुलानं अकरा महिने रोज म्हणायचा कद्दिश बाबांनी एकदाही म्हटला नाही. दुसरं सिनेगॉग शोधते म्हटलं, तर म्हणाले, तिथेही विचारतील.

येत्या जानेवारीत आजीचं वर्ष भरतंय. आमच्या बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडणार आहे. फोन करकरून बाबांसकट आठ जण जमवलेत. तुम्ही बेने इस्राएल असाल, पार्सिपनीत असा की श्रूजबरीत, तर बर्फाचं कारण सांगू नका. नसाल, तर ओळखीतल्या एकाला गाडीत घाला आणि आणून सोडा. दोन माणसं हवीत. या.