चार खोकी आणि एक कान

मला शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी ते घरात वाजत राहावं म्हणून मी जी धडपड केली, ती एखाद्या दर्दी माणसानेही केली नसती.

वडील अमरावतीला वकील. कोर्टातून आले की ग्रामोफोन लावायचे आणि गाणं ऐकता ऐकता आमच्याशी गप्पा मारायचे, एरवी नाही. मग विषमज्वराने त्यांचा डावा कान गेला. काही दिवस मान वाकडी करून उजवा कान ग्रामोफोनकडे नेत. एक दिवस त्यांनी झाकणच लावलं. "असं चोरून ऐकल्यासारखं नको मला," म्हणाले आणि अकोल्याच्या मित्राला पत्र लिहिलं, रविवारी येऊन सगळ्या तबकड्या घेऊन जा. ते पत्र टपालात टाकायला मलाच पाठवलं! मला इतका राग आला की त्या दिवशी घास उतरला नाही. तबकड्या गेल्या की वडीलही गप्प होणार, हे मला दिसत होतं.

गल्लीच्या तोंडाशी लग्नात लाऊडस्पीकर लावणारे एक चाचा राहत. त्यांना गाठलं.

"वकीलसाहेबाले एकाच बाजूनं ऐकू येते ना? मंग चारी बाजूनं वाजवू. मान कायले वाकडी करा लागते?"

रविवारी सकाळी ते आपलं तबकड्या वाजवायचं यंत्र आणि जुन्या रेडिओंची, आत स्पीकर असलेली चार खोकी घेऊन आले. दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत खोकी ठेवली, वडिलांना मधोमध बसवलं आणि तबकडी लावली. झालं! लग्नाची सवय, चारी खोक्यांची तोंडं खिडक्यांबाहेर. आलाप थेट गल्लीत. समोरचे शेजारी ओट्यावरून ओरडले, "वा वकीलसाहेब, बहोत खूब!" वडील लालबुंद. "माझा तमाशा मांडलाय का?" म्हणत उठले. नेमके तेव्हाच अकोल्याचे मित्र रिकामी पेटी घेऊन दारात. मला रडूच फुटलं.

"अरे देवा," चाचांनी कपाळावर हात मारला. "आजवर गावाले ऐकवलं, घराले कदी ऐकवलंच नाही. बसा साहेब, एक डाव बसा." त्यांनी एकेक खोकं आत फिरवलं.

माझं रडणं बघून वडील परत बसले. तंबोरा सुरू झाला आणि मी चक्रावलेच. गाणारी बाई पुढे आहे की मागे, कळेना. घागरीत तोंड घालून बोलावं तसा सूर सगळीकडून येत होता. गाणं कसं होतं ते मला विचारू नका. मी वडिलांची मान बघत होते. ती सवयीने उजवीकडून पुढे आली, थांबली आणि हळूहळू सरळ झाली. त्यांनी डोळे मिटले. समेवर मांडीवर थाप पडली.

तबकडी संपली. मित्र पेटीचं झाकण लावायला लागले.

"थांब, पेटी रिकामी नेऊ नकोस," वडील म्हणाले, आणि आईला हाक मारली, "अगं, यात संत्री भर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू, इकडे ये. ये, बस माझ्या डाव्या बाजूला. आता माझा तो कान तू. तिकडे काय चाललंय ते मला सांगत जा."