मामांचा उन्हाळी अहवाल

आमच्या थोरल्या मामांइतका चोख कागद लिहिणारा माणूस अख्ख्या वसईत सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. सरकारी कचेरीतून ते निवृत्त झाले, पण कारकुनी काही सुटली नाही. मला मुलगी झाल्याचं कळवलं तेव्हा त्यांचा उलट निरोप आला, "वृत्त समजले. नोंद घेतली आहे." मी हिरमुसून बसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी केळ्यांचा घड घेऊन स्वतः दारात हजर, आणि बाळाकडे बघत डोळे पुसतायत. दर मे महिन्यात ते वसईतल्या वटार गावाहून सगळ्या नातेवाइकांना उन्हाळी अहवाल पाठवतात. पूर्वी तो पोस्टाने यायचा, आता फुलस्केप कागदाचा फोटो येतो. रकाने चार: प्रवास, घर, माणसे, नवीन काम. प्रवासात "आगाशी बाजार, जाऊन-येऊन" ठरलेलं. घरात कौलं आणि विहीर. आणि नवीन कामापुढे निवृत्तीपासून दरवर्षी एकच शब्द, "निरंक".

मामी होती तोवर या शब्दाला आम्ही पोट धरून हसायचो, कारण त्या घरात काम असं मामीच करायची. तिची सुकेळी म्हणजे नात्यातल्या मुलांचा जीव की प्राण. पिकलेली राजेळी केळी सोलून ती आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची. मामांकडे फक्त कावळे हाकायचं खातं होतं. दोन वर्षांपूर्वी मामी गेली. गेल्या उन्हाळ्यात मामांनी कुणाला न सांगता सुकेळी घातली आणि ती आंबली. सगळी शेजारच्या गाईने खाल्ली. अहवालात आलं, "निरंक". त्या वेळी कुणी हसलं नाही. मामीची चव आता गेलीच, असं मी मनाशी धरून टाकलं होतं.

यंदा त्यांच्या मुलाने नायगावला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं आणि बाबांना आठवडाभर न्यायचंच म्हणून गाडी घेऊन आला. त्याच्यासोबत मीही होते. अंगणात पुन्हा केळी वाळत होती.

"बाबा, केळी राहू द्या ना."

"आज तिसरा दिवस आहे. मध्येच ऊन तुटलं की आंबतात. गेल्या साली मी एक दिवस आगाशीला गेलो, तिथेच घात झाला."

शेवटी दोन टोपल्या गाडीत बसल्या आणि मी पाय आखडून बसले. नायगावला गच्चीवर केळी मांडून होतात न होतात तोच सोसायटीचे सेक्रेटरी आले. "काका, टेरेसवर हे अलाउड नाही हां. परमिशन लागते, पापडालासुद्धा." परमिशन हा शब्द ऐकून मामांचा चेहरा असा खुलला की बस. दहा मिनिटांत दोन प्रतींत अर्ज तयार. विषय, संदर्भ, मुदत चार दिवस, सगळं जिथल्या तिथे. "एका प्रतीवर पोच द्या," मामा म्हणाले. एवढा सुरेख अर्ज सेक्रेटरींना जन्मात आला नसावा. त्यांनी मुकाट सही केली. मग चार दिवस मामा छत्री धरून गच्चीवर. दुसऱ्या दिवसापासून पापड घालायला येणाऱ्या बायका केळी उलटू लागल्या, तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः कावळे हाकताना दिसले.

वाळत घातल्यापासून सातव्या दिवशी केळी तांबूस, मऊ, मधासारखी चिकट झाली. मामांनी एक तोडून तोंडात घातलं आणि डोळे मिटले. "आंबलं नाही," एवढंच ते म्हणाले. मी खाल्लं आणि मला भर उन्हात रडू आलं. अगदी मामीचं नव्हतं, पण तिच्याच हाताखाली शिकलेल्याचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर सुकेळी शिकवा, म्हणून अकरा घरांनी नावं दिली आहेत. मामांनी त्यांच्याकडून रीतसर अर्ज घेतले.

परवा अहवाल आला. प्रवास: नायगाव, सातऐवजी नऊ दिवस. घर: दोन, वटारचे व मुलाचे. माणसे: सर्व खुशाल. चौथ्या रकान्यात "निरंक" लिहून खोडलं होतं. एवढ्या वर्षांत मामांच्या कागदावर मी पहिल्यांदाच खाडाखोड पाहिली. खाली लिहिलं होतं, "काम हिचेच. यंदापासून मी बघतो."