जानकीबायचा गळा

२०२२ साल. मी अडुसष्ट वर्षांचा, जानकीबाय माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमच्या दाभोशाकडच्या पाड्यांत लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणून. आमची धवलेरी म्हणजे माझी ही थोरली बहीण. गाताना मध्ये कोणी बोललं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. एकदा नवऱ्याचा मामा म्हणाला, "आवर बाय, जेवणं खोळंबली." ती म्हणाली, "जेवा मग. लग्न उद्या लावू."

शहरातून एक बाई आल्या. दोन-दोन कडवी गा, आम्ही रेकॉर्ड करून आमच्याकडे जपून ठेवू, म्हणाल्या. जानकीबाय म्हणाली, "आन् मला आयकावी वाटली तं? तुमच्या दारात येऊन उभी राहू?" बाई हसल्या. ही हसली नाही. "माझा गळा माझ्या घरात राहील."

मग माझी सून सुमन तिचे व्हिडिओ घेऊ लागली. आख्खी गाणी, ओळ न गाळता. मोबाइल भरला. आमच्याकडे रेंज नाही, तर इंटरनेटवर ठेवणार कसं? सुमन म्हणाली, घरातच डबा बसवू, त्यात दोन हार्ड डिस्क. अंगणात बसून पाड्यातली माणसं वायफायवर बघतील.

जव्हारला युसुफभाईच्या दुकानात तिघं गेलो. मी चौथी नापास, पण बाजारात मला अजून कोणी फसवलेलं नाही. म्हणालो, "बैलजोडी सारखी बघून घेतात. दोन्ही एकाच खोक्यातल्या दे."

"काका, एका खोक्यातल्या कधी कधी एकदमच मरतात. वेगवेगळ्या खेपेच्या मालातल्या घ्या. आणि साध्या नको, रात्रंदिवस चालणाऱ्या घ्या. प्रत्येक गाणं दोन्हींवर राहील."

मी वाद घालत होतो, तर जानकीबायनं कोपर मारलं. "सखाराम, तुझे दोन्ही बैल एकाच साथीत मेले ना? गप."

घरी येऊन तिनं डबा चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. बियाणं आम्ही तिथंच ठेवतो, धुरानं कीड लागत नाही. सुमन नको नको म्हणत राहिली, तर ही म्हणाली, "जपायची वस्तू कुठं ठेवायची, ते मला शिकवू नको."

पावसाळा सरता सरता एक डिस्क गेली. युसुफभाईनं डबा उघडला, तर आत काजळी. "मावशी, हे बियाणं नाही. याला धूर नको, वारा पाहिजे."

मला वाटलं, आता तरी वरमेल. ती म्हणाली, "एक जिती हाय ना? तिला जोडीदारीण दे."

त्याच्याकडे साधीच होती.

"साधी नको, तूच म्हणालास ना? मागव. थांबते मी."

ती थांबली नाही. त्याच आठवड्यात ताप आला आणि दोन दिवसांत गेली. अग्नी देऊन आलो, भाऊबंद अंगणात बसले. एकजण म्हणाला, "धवलेरी गेली, गाणं गेलं."

"गाणं घरात हाय," मी म्हणालो. पण ते आता एकाच डिस्कवर होतं. तीही गेली, तर त्याचंच खरं व्हायचं. मागवलेली डिस्क आली का बघायला जव्हारला जातो म्हणालो, तर सगळे अंगावर आले. सुतक आहे, उंबरा ओलांडू नको, कुणाच्या दुकानाची पायरी चढू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं जव्हारला गेलो. युसुफभाईचं शटर बंद होतं. तो वरच्या घरातून डोळे चोळत खाली येईपर्यंत मी ते वाजवत राहिलो.