बिनहॉर्नच्या गाड्या

आमच्या टीमचं सामान कधीच पांगलं. टायर गेले, बॅटरी परत गेली, गाडीचा सांगाडा कॉलेजच्या पोर्चमध्ये कुंड्यांशेजारी उभा आहे. किस्से मात्र कोणी घेऊन जात नाही! आम्ही तिघं आणि आमचे सर चहाला भेटलो की जुने निघतातच, वर एखादा नवीन आठवतो. माझ्या आईने तर हे विषय संध्याकाळनंतर घरात काढायचे नाहीत असं बजावलंय. म्हणून लिहून टाकते, भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून.

त्या वर्षी इलेक्ट्रिक गाड्यांची आंतरकॉलेज रेस रत्नागिरीत झाली, आणि तीही मैदानात नाही, चक्क शहराच्या रस्त्यावर! एकाच माणसाला बसायची जागा असलेल्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या गाड्या. एका बाजूला समुद्र, एका बाजूला घरं, कडेला टायरांच्या भिंती. आमची गाडी स्वरूप चालवायचा. बॅटरी बाप्या सांभाळायचा. आणि मी, अनुजा, हेडसेट लावून लॅपटॉपसमोर बसायची. गाडीचा वेग, तापमान, करंट सगळं माझ्या स्क्रीनवर यायचं, आणि स्वरूपला रेडिओवरून "थांब" म्हणायचा अधिकार फक्त माझा.

आता मी म्हणजे कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी मुलगी. घरी गॅस बंद केलाय का हे बघायलासुद्धा माझ्यामागून दुसरं कोणीतरी जातं. पण आमचे पाटणकर सर म्हणाले, "घाबरट माणसाला डुलकी लागत नाही. हिलाच बसवा!" आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या भीतीला कामाला लावलं होतं. तो हेडसेट मी जिवापाड जपायची. मात्र सरांनी पहिल्याच दिवशी अट घातली, "उगाच थांबलेली गाडी म्हणजे हरलेली गाडी. तीनदा उगाच थांबवलीस, तर हेडसेट बाप्याला."

* * *

या गाड्यांची खरी भीती म्हणजे त्यांना आवाजच नाही. लांबून एक बारीक शीळ येते, आणि समुद्रावरून वारा सुटला की तीसुद्धा नाही.

सरावाच्या पहिल्या सकाळी मी कडेकडेने केबल बघत चालले होते. एका घराच्या गेटात एक काकू रस्त्याकडे पाठ करून वाल निवडत बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच, मान न वळवता म्हणाल्या, "काय गो, कधी सुरू होणार तुमची रेस? मगासपासून वाट बघत्येय."

मी म्हटलं, "काकू, आत्ता तुमच्या मागून पाच गाड्या गेल्या."

काकूंनी वळून पाहिलं. रस्ता रिकामा. एक सुकं पान तेवढं गोल गोल फिरत होतं. त्या उठल्या, सूप आत नेलं, दाराला कडी घातली. मग आतून आवाज आला, "येणाऱ्याने सांगून यावं!"

* * *

आंब्याचा सिझन नव्हता म्हणून आम्हाला एक पॅकिंगची शेड मिळाली होती. आंब्याच्या पेट्यांत घालायच्या पेंढ्याचा वास, आणि मध्ये आमची गाडी. ड्रायव्हर बसल्याशिवाय ती चालूच होऊ नये म्हणून सीटखाली एक सेन्सर होता. माणूस बसला की माझ्या स्क्रीनवर हिरवा ठिपका.

एका दुपारी स्वरूप जेवायला गेलेला, गाडी रिकामी, आणि ठिपका हिरवा!

मी किंचाळले. बाप्या पेंढ्यावर आडवा झालेला होता, डोळेही न उघडता म्हणाला, "मग विचार की, कोण बसलाय!" सर आले, म्हणाले, "खारी हवा आहे, सेन्सर गंजला असेल." नवीन बसवला. ठिपका गेला. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेसवाल्यांची तपासणी. प्रत्येक रिकामी गाडी काट्यावर चढवून वजन घेत होते. आमची चढवली. काट्याशी बसलेल्या साहेबांनी आकडा पाहिला, आणि मान वर न करताच म्हणाले, "आधी ड्रायव्हरला उतरवा."

स्वरूप त्यांच्या शेजारी उभा राहून केळं खात होता. म्हणाला, "सर, मी इकडे आहे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, काटा बंद करून पुन्हा चालू केला. या खेपेला वजन बरोबर आलं. त्यांनी आम्हाला पास केलं. इतक्या पटकन कोणालाच पास केलं नव्हतं!

* * *

समुद्राकडच्या एका वळणावर छोटीशी घुमटी आहे. आत शेंदूर लावलेला दगड. तो वाटेचा राखणदार. तिथून जाताना रिक्षा असो, एसटी असो, नवरदेवाची गाडी असो, हॉर्न एकदा द्यायचाच. हे कोणी शिकवत नाही. आमच्याकडच्या पोरांना स्कूटरबरोबरच येतं.

सरावात नेमक्या त्या वळणावर आमच्या गाडीची पॉवर धाडकन शून्यावर जायला लागली. प्रत्येक फेरीला, त्याच जागी! माझ्या हातापायाला घाम फुटला. "थांब! स्वरूप, थांब! मोटर गेली!"

गाडी उघडली. मोटर ठणठणीत. बॅटरी ठणठणीत. शेवटी बाप्याने गाडीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ लावला. पॉवर तोडायचं लाल बटण स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याशी होतं. स्कूटरला हॉर्न असतो ना, अगदी तिथे. घुमटी आली, की स्वरूपचा अंगठा हळूच पुढे जाऊन बटण दाबत होता.

"मी दाबलंच नाही!" स्वरूप म्हणाला.

"हा अंगठा काय माझा आहे? मेल्या, या गाडीला हॉर्न नाही!" सर ओरडले.

"मला माहीत आहे हो सर. त्याला कोण सांगणार?"

बटण उजवीकडे हलवलं. अंगठा तरीही तिथे रिकामी जागा दाबतच राहिला. सरांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. म्हणजे एक झालं.

* * *

ट्रॅकच्या कडेला प्रत्येक टीमला एकेक स्टॉल दिला होता. आमच्या शेजारच्या स्टॉलवर घाटावरच्या कॉलेजची टीम होती. त्यांचा ड्रायव्हर समीर आमचा हा अंगठ्याचा किस्सा ऐकून पोट धरधरून हसला. "तुम्ही कोकणातले लोक म्हणजे ना!"

दुसऱ्या दिवशी सराव संपवून तो सरळ आमच्याकडे आला. जरा चिडलेला. "तुमची पद्धत मला मान्य आहे. पण किती वेळा हॉर्न द्यायचा, काही मर्यादा? घुमटी आली की मागचा सुरू! मी आपला सभ्यपणे बाजूला होतो, तर हा शहाणा पुढे पण जात नाही."

बाप्या म्हणाला, "अरे, रेसच्या गाडीला हॉर्न नसतो."

"मग मागे कोण होतं माझ्या?"

मी स्क्रीनवर मागची नोंद काढली. त्या वेळी ट्रॅकवर समीर एकटाच होता.

सांगायचं कोणी, यावर आमची नजरानजर चालली होती. शेवटी बाप्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू बाजूला होतोस ना? मग होत जा."

* * *

आमचा स्टॉल माडांखाली. वर पत्रा. मी रेडिओचं बटण दाबून स्वरूपला सांगत होते, "सगळं छान आहे, आरामात ये," आणि वरून पत्र्यावर नारळ पडला!

पत्र्यावर पडलेला नारळ त्याच पत्र्याखाली बसून ज्याने ऐकला नाही, त्याने मला हसू नये. मी जी किंकाळी फोडली, ती बोट बटणावर तसंच ठेवून. सगळी स्वरूपच्या कानात!

त्याने सरळ रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला. मागून येणारी गाडी त्याला अगदी घासून टायरांच्या भिंतीत घुसली. नशीब, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. स्वरूप पांढराफटक होऊन परत आला. "माझ्या कानात कोणीतरी मेलं!"

मी रडत होते. सरांनी दोन बोटं वर केली. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट. "अनुजा, आज तो मागचा पोरगा गेला असता. आता थांब म्हणशील, तर खात्री करून म्हण."

* * *

रेसच्या सकाळी घुमटीजवळच्या मार्शललोकांनी, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्यांनी, नारळ ठेवला. त्यांच्यातले वयस्कर बंड्याकाका हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागले. सर लांब उभे राहिले. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," म्हणत चपला मात्र काढल्या.

"बा राखणदारा," काका म्हणाले, "पोरं बिनहॉर्नच्या गाड्या घेऊन तुझ्या वाटेनं चाललीत. चूकभूल पोटात घाल. गेलीत ती सगळी सुखरूप घरी येऊ देत, रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

आमचं म्हणून झालं, आणि मग समोरून पुन्हा एकदा आलं. स्पष्ट. सावकाश. "होय महाराजा."

सर घाईघाईने म्हणाले, "एको आहे. भिंतीवर आपटून आवाज परत येतो. शाळेत शिकलोय आपण."

बाप्या म्हणाला, "सर, समोर समुद्र आहे."

* * *

आणि मग रेस.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या होत्या आणि स्वरूप पहिला होता! आमच्या कॉलेजचा कधी कोणी कशात पहिला आला नव्हता. बाप्या नखं खात होता. सर माझ्या खुर्चीमागे उभे. स्क्रीनवर सगळं हिरवं. बॅटरी थंड, मोटर नीट. दोन फेऱ्या स्वरूप काहीच बोलला नव्हता. मला वाटलं, लक्ष देऊन चालवतोय.

तेवढ्यात माझ्या कानात त्याचा आवाज आला. अगदी शांत, शेजारी बसून विचारावं तसा.

"अनू, थांबू का?"

मी पुन्हा स्क्रीन पाहिली. थांबण्यासारखं काहीच नव्हतं. विचारलं, "का? काय झालं?" उत्तर नाही. फक्त वारा. सर मागून म्हणाले, "कोणाशी बोलत्येस?" स्वरूप पुढच्या वळणाकडे सुसाट निघाला होता. खात्री करायला वेळच नव्हता. थांब म्हटलं असतं तर माझं काम गेलं असतं, आणि त्या सगळ्यांचं वर्ष. नसतं म्हटलं तर काय गेलं असतं, ते मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "थांब."

स्क्रीनवर वेगाचा आकडा घसरत गेला. वळणाच्या तोंडाशी शून्य. मार्शलनी पिवळा झेंडा दाखवला, मागच्या गाड्या मंदावल्या. सरांनी माझ्या डोक्यावरून हेडसेट काढला आणि बाप्याच्या हातात दिला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मग मार्शलचा वॉकीटॉकी खरखरला. "लाल झेंडा! सगळ्या गाड्या थांबवा! वळणाच्या पलीकडे गटाराचं झाकण उघडलंय!"

रेससाठी सगळी लोखंडी झाकणं वेल्डिंग करून बंद केली होती. त्यातलं एक, फेरीभर मागे पडलेल्या पण त्या वेळी रस्त्यावर स्वरूपच्या पुढे असलेल्या कुठल्याशा गाडीखाली ओढलं जाऊन उचकटलं होतं आणि रस्त्याच्या मधोमध, एका कडेवर तोलून, पात्यासारखं उभं राहिलं होतं. वळणाच्या अलीकडून दिसलंच नसतं. स्वरूपचं डोकं गाडीत बरोबर त्या उंचीला असतं.

सरांनी बाप्याकडून हेडसेट घेतला. माझ्या डोक्यावर परत ठेवला.

थोड्या वेळाने स्वरूप हेल्मेट काखेत मारून चालत आला. मी म्हटलं, "तू विचारलंस म्हणून मी..."

"मी कधी विचारलं?" त्याने हेल्मेटची लोंबणारी वायर दाखवली. "पिन दोन फेऱ्यांपूर्वीच तुटल्येय. मी ओरडून दमलो. तुझाही काही आवाज नाही."

बाप्या म्हणाला, "मग थांबलास कशाला रे?"

स्वरूपने त्याच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. मग माझ्याकडे वळला. तो खरोखर रागावला होता.

"थांबू नको तर काय करू? अनू, परत अशी रस्त्यात येऊन उभी राहू नकोस हां. चिरडली असतीस आज."